तीनशे बारा पाय

छोट्या पंचावन्न वर्षांचा होता. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता त्याच्या पाठीला बाक आला होता, पण ताईसाठी तो छोट्याच. आणि ताईच्या एका शाबासकीसाठी तो या वयातही वाट्टेल ते करायला तयार असे, हीच खरी पंचाईत.

ताई वाकड्या पायांसाठी बूट करायची. कुणाचा पंजा आत वळलेला, कुणाची टाच आखूड, अशा तीनशे बारा पायांचे साचे तिनं आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरले होते. चामडं कापणारं यंत्र त्यालाच जोडलेलं. नव्या कॉम्प्युटरला त्याची जाडजूड वायर बसत नाही. कागदावरची मूळ मापं छोट्यानंच तिला टाकून द्यायला लावली होती. आता ताईची नजर गेल्यात जमा होती. नवं माप घेणं तिला शक्य नव्हतं, पण साचे होते तोवर जुन्या गिऱ्हाइकांचे बूट होत होते.

"जरा हळू चालतो रे, बाकी काही नाही," एवढंच ती म्हणाली होती.

पण थोडक्यात भागवेल तर तो छोट्या कसला! त्यानं आधी साचे उतरवून घेतले. जास्त जागेच्या मोठ्या पेनड्राइव्हला कॉम्प्युटर दाद देईना, म्हणून खणातल्या जुन्या, लहानशा निळ्या पेनड्राइव्हवर घेतले. दाद देईना तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. मग त्यानं डिस्क पुसली, तीही वरवर नाही, पार तळापर्यंत. पाटी कोरी केल्याशिवाय त्याला अक्षर गिरवताच येत नसे.

आणि नवी सिस्टिम घालताना घोडं अडलं. पहिली इन्स्टॉलर इमेज, म्हणजे सिस्टिम बसवायची फाइल, 'हा प्रोसेसर चालणार नाही' असं सांगून थांबली. जुन्या प्रोसेसरसाठीची दुसरी आणली, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ नुसती लुकलुकत राहिली. अर्धवट उतरली असेल म्हणून इमेज तपासली. ती अगदी बरोबर होती. सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या, पाच पेनड्राइव्ह झाले, तरी कॉम्प्युटर ढिम्म. तीन दिवस ताई शेजारी स्टुलावर बसून होती आणि छोट्याला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दुपारी त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, याला मोठा पेनड्राइव्ह ओळखताच येत नाही! लहान हवा."

खणात लहान एकच होता. त्या शोधाच्या तंद्रीत छोट्यानं तो उचलला, आपल्या लॅपटॉपला लावला, त्यावर इमेज लिहायला घेतली. 'यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?' असं पडद्यावर आलं. तीस वर्षांत त्यानं ते हजारदा बघितलं होतं आणि कधीच वाचलं नव्हतं. त्यानं होकार दिला.

त्यावरून ताईचा कॉम्प्युटर सुरू झाला. तासाभरात नवी सिस्टिम आत बसली.

"झालं?" ताईनं विचारलं.

"झालं म्हणजे काय! छोट्यानं हात घातलाय."

"मग घाल बघू माझे पाय परत. टपालवाल्याचा डावा आधी काढ, त्याचा बूट पार फाटलाय."

छोट्यानं खण उघडला. खण रिकामा होता. मग त्याची नजर कॉम्प्युटरमध्ये खोचलेल्या निळ्या पेनड्राइव्हवर गेली. इमेजनं तो काठोकाठ भरला होता. काही परत मिळतंय का ते त्यानं दोनदा बघितलं. काही नव्हतं. मग त्यानं ताईला सगळं सांगितलं, कारण न सांगताही तिला कळणारच होतं.

ताईनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला.

"पण चालू झाला ना?"

"झाला."

"शाबास."

तिनं गळ्यातला कामाचा कापडी ॲप्रन सोडला, चाचपून त्याची घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"ठेव. तुझे कॉम्प्युटर पुसायला होईल," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर छोट्याला बरं वाटलं असतं.