मंगळाला अडणारा संगणक

रविवारी सकाळी अण्णा ठोसरांच्या दारासमोर चपलांचा एवढा ढीग पडे, की वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना कुणाच्या तरी चपलेवर पाय दिल्याशिवाय जिना उतरता येत नसे. डोंबिवली पूर्वेची ती साधीशी सोसायटी. तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत पूर्वी अण्णा पंचांग मांडीवर घेऊन एकटेच माशा मारत बसायचे. आता तिथे सतरंजीवर तीळ ठेवायला जागा नव्हती. कळव्याहून, बदलापूरहून, थेट कसाऱ्याच्या बाजूने लोक यायचे. अण्णांनी संगणक घेतला होता आणि तो संगणक मंगळाला ओळखतो असा बोलबाला झाला होता.

खिडक्यांना जाड पडदे होते. संगणक सुरू झाला की अण्णा ट्यूबलाइट बंद करत. मग त्या अंधारात संगणकाच्या पडद्याचा फिकट उजेड तेवढा लोकांच्या तोंडांवर पडे आणि बोलणारी माणसं आपोआप गप्प होत.

"हे यंत्र परदेशात बनलेलं," अण्णा सांगत, "ह्याला ना भीड, ना नातंगोतं. श्रावणातल्या मंगळवारी ह्याच्यावर वीज उतरली. आतलं एक कार्ड जळून कोळसा झालं. नवं कार्ड बसवलं आणि त्या दिवसापासून ह्याच्यात भौमाचा संचार झाला. वीज म्हणजे तरी काय? मंगळाचीच जीभ."

मग ते दोन बोटांनी एकेक कळ शोधत नाव, जन्मवेळ आणि गाव टंकायचे. पत्रिका स्वच्छ असली की पडद्यावर बारा घरांची कुंडली उमटे आणि प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकी. कडक मंगळ असला, की कुंडलीच्या रेघा निम्म्या उमटून थबकत. पडदा एकदम निळाशार होई, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येत आणि यंत्र मरून पडे. कुठलीही कळ दाबा, हालचाल नाही.

अण्णा हात जोडून म्हणत, "मी काही बोललो नाही. तो बोलला."

हेमाच्या वेळी तेच झालं.

हेमा कळव्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे वडील हरिहर रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पत्रिकाबित्रिका त्यांनी कधी मानली नव्हती. पण ठाण्याचं चांगलं स्थळ आलं, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, आणि मुलाच्या आईने एकच अट घातली: अण्णांकडे एकदा दाखवून घ्या. "जाऊन येऊ, आपलं काय जातंय," असं म्हणून हरिहर मुलीला घेऊन गेले होते.

पडदा निळा झाला तेव्हा हेमाने मागे वळून पाहिलं. खोलीभर निळी तोंडं होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईने आपला पदर हळूच ओढून घेतला.

"सातव्यात मंगळ," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "यंत्राला सोसवला नाही, तिथे नवऱ्याला काय सोसवणार? घाबरू नका. भौमशांती करू. यंत्राला लाल वस्त्र, मसुराचं दान आणि सवाष्णीचं जेवण."

ठाण्याहून निरोप आला, शांती होईपर्यंत थांबू या.

हेमाने आधी हसण्यावारी नेलं. मुलांना ती दरवर्षी लिंबूमिरचीचा धडा शिकवत असे. लिंबू कशाला बांधायचं, सरबत करा, असं सांगत असे. पण त्याच आठवड्यात घरचा मिक्सर तिच्या हातात असताना जळका वास मारून बंद पडला. सोसायटीची पाण्याची मोटर तिने बटण दाबल्यावरच गुरगुरून थांबली. शाळेत प्रयोग दाखवताना दिवा लावला आणि तो फट्‌कन गेला, तेव्हा पोरं हसली. हेमाला मात्र कापरं भरलं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत तो निळा रंग पसरायचा आणि त्यात आपल्याकडे बघणारी तोंडं दिसायची. ती बटणांना हात लावायचं टाळू लागली. खोलीत शिरली की बहिणीला म्हणायची, दिवा तू लाव. एकदा आईने तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे, मी करते." आईच्या आवाजात माया होती, आणि भीतीही होती. ती भीती हेमाला जास्त लागली.

मंजुळा तिच्याच शाळेत संगणक शिकवायची. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, शब्द तोलूनमापून न बोलणारी. शिक्षकांच्या खोलीत हेमाने पंख्याचं बटण दाबायला एका मुलीला हाक मारली, तेव्हा मंजुळाने हातातला डबा खाली ठेवला.

"काय झालंय तुला? आठवडाभर बघतेय मी."

हेमाने सगळं सांगितलं. सांगताना आपल्याला रडू येतंय याचीच तिला लाज वाटली. मंजुळा हसली नाही.

"निळ्या पडद्यावर काय लिहिलेलं?" तिने विचारलं.

"वाचलं नाही. वाचायचं सुचलंच नाही."

"विज्ञानाची बाई तू. पोरांनी प्रयोगाची वही अशी दिली असती तर?"

ते वाक्य हेमाला झोंबलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा अण्णांकडे गेली. पत्रिका दाखवायला नाही, नुसती मागे बसून बघायला. शेजारी आंबिवलीच्या आवडाबाई बसल्या होत्या. शांतीची तारीख विचारायला त्या पुन्हा पुन्हा खेपा घालत होत्या. त्यांची मुलगी रंभा हिच्याच पत्रिकेला संगणक सगळ्यांत आधी अडला होता. जमलेलं लग्न मोडलं. आता रंभा घराबाहेर पडत नव्हती.

"रेडिओलासुद्धा हात लावत नाय," आवडाबाई कुजबुजल्या. "म्हणते, माझ्या हाताने बिघडेल. तिन्हीसांजेला अंधारात बसून ऱ्हाते. दिवा मी लावते."

पुढे आपलं काय होणार, ते कुणीतरी हेमाला आजच सांगत होतं.

तरी ती उठली नाही. एकेक पत्रिका पाहत राहिली. दुपार होता होता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. स्वच्छ पत्रिका नुसत्या काळ्या रेघांच्या असत. आणि जी अडे, तिच्यात निळा पडदा येण्याआधी डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ एका घरात लाल ठिपके दिसत. ह्या वेळी तिने पांढरी अक्षरंही मनाशी घोकून घेतली.

सोमवारी तिने ती अक्षरं सांगितली, लाल ठिपके सांगितले आणि वीज पडून कार्ड बदलल्याची अण्णांची कथाही सांगितली.

"कार्ड बदललं?" मंजुळाने विचारलं. "असं तोच म्हणतो?"

"दर रविवारी म्हणतो."

मंजुळा पहिल्यांदा हसली. "मग मंगळाला कशाला शोधायचं? चल, या रविवारी मीपण येते. तुझ्या बाबांनापण घे."

रविवारी खोली नेहमीसारखीच भरली होती. हरिहर उभे राहून शांतपणे म्हणाले, "अण्णा, शांतीचं नंतर पाहू. आधी हिची पत्रिका पुन्हा एकदा काढा. या मंजुळाबाई संगणक शिकवतात. त्यांना जवळून पाहायचं आहे."

नाही म्हणावं तर लोकांसमोर अब्रू जाणार. अण्णा म्हणाले, "खुशाल बघा. सत्याला परीक्षेची भीती कसली?"

मंजुळा खुर्चीवर बसली. हेमाची पत्रिका काढली, पडदा निळा झाला, खोलीतून सुस्कारा उमटला. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर मंजुळाने पत्रिकेच्याच कार्यक्रमात एक यादी उघडली.

"इथे लिहिलंय, रंगीत घर. मंगळ दोषाच्या जागी असला की हा कार्यक्रम त्या घरात लाल ठिपके भरतो. मी रंग बंद करते. बाकी काही बदलत नाही. तीच जन्मवेळ, तोच मंगळ, तेच सातवं घर."

तिने कळ दाबली. कुंडली पुरी उमटली. प्रिंटर करकरला आणि हेमाची पत्रिका कागदावर उतरली.

खोलीत चुळबूळ सुरू झाली. अण्णा म्हणाले, "रंग काढला म्हणजे मंगळाचा अंशच काढला. यंत्र फसलं. ग्रह फसत नाहीत."

"बरं," मंजुळा म्हणाली. "मग रंग पुन्हा लावू या, पण मंगळाला नको. गुरूला लावू. गुरू तर शुभच ना? आणि पत्रिका कुणाची घ्यायची, तर भिंतीवर फ्रेममध्ये लावलीय ती. तुमची. लग्नी गुरू, राजयोग, मंगळ निर्दोष. खाली तुम्हीच लिहिलंय."

अण्णा काही बोलायच्या आत तिने जन्मवेळ टंकलीसुद्धा. रेघा उमटल्या, पहिल्या घरात ठिपके चमकले आणि पडदा निळाशार झाला.

कुणीतरी मागे खुदकन हसलं. अण्णांच्या तोंडावर तोच निळा उजेड पडला होता आणि सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

हेमा उठली आणि तिने खिडकीचा पडदा सरकवला. नंतर भिंतीपाशी गेली. ट्यूबलाइटच्या बटणावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. तिने बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली.

उजेडात मंजुळा लोकांना समजावू लागली. "पडद्यावर चित्र काढायला आत एक कार्ड असतं. संगणक त्याच्याशी थेट बोलत नाही. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुनं कार्ड जळलं, नवं बसवलं, पण दुभाष्या जुन्याच कार्डाचा राहिला. कंपनी एकच, म्हणून पुष्कळसं जुळतं. रेघ काढ म्हटलं की काढतो. ठिपके भर म्हटलं की भलतंच काहीतरी सांगतो, आणि सगळंच कोलमडतं. हेमाने वाचलेल्या अक्षरांत त्या जुन्या दुभाष्याचंच नाव होतं. मंगळाचं नव्हतं." मग ती अण्णांकडे वळली. "नव्या कार्डाच्या दुभाष्याची फ्लॉपी बरोबर मिळते. ती कुठाय?"

अण्णा म्हणाले, "कसली फ्लॉपी?" पण तोंड हे बोलत असताना त्यांचा हात टेबलाच्या खणावर जाऊन पडला होता. तो त्यांनी पटकन मागे घेतला, तरी तोवर हरिहरांनी खण ओढला होता. आत फ्लॉपी होती. तिच्यावरचं प्लास्टिकही कुणी फोडलं नव्हतं.

मंजुळाने ती घातली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि रंग मंगळावर आणून ठेवला. हेमाची पत्रिका निघाली. सातव्या घरात लाल ठिपके होते आणि यंत्र मजेत चालू होतं.

हेमाने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "कार्ड बसवणारा म्हणाला होता, फ्लॉपी घातली की ठीक होईल. घालणारच होतो. पण तेवढ्यात एका मुलीच्या पत्रिकेला यंत्र अडलं आणि लोक माझ्या पाया पडले. इतकी वर्षं पंचांगातून सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं."

"ती मुलगी माझी," आवडाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता आंबिवलीला चला. मला सांगितलंत तेच तिला सांगा."

अण्णा जागचे हलले नाहीत. गेल्या त्या हेमा आणि मंजुळा.

रंभा घराच्या आतल्या कोपऱ्यात बसली होती. वयाने हेमापेक्षा लहानच. तिने सगळं ऐकून घेतलं, कार्ड, दुभाष्या, फ्लॉपी. मान हलवली, पण चेहऱ्यावरचं सावट गेलं नाही. ती म्हणाली, "संगणकाचं कळलं. पण मग रेडिओ? मी हात लावला नि बंद पडला. शेजारच्यांचा पंखा, मी होते तेव्हाच जळला. ते कसं?"

मंजुळाने हेमाकडे पाहिलं. ह्याचं उत्तर संगणकाच्या माहितीत नव्हतं. हेमा रंभाच्या शेजारी जमिनीवर बसली.

"माझा मिक्सर गेला, पंप थांबला, दिवा उडाला," ती म्हणाली. "मीपण हेच म्हणत होते. काल आईला विचारलं, गेल्या वर्षी आपल्याकडे काय काय बिघडलं? इस्त्री, घड्याळ, दोनदा मिक्सर. तेव्हा मी कशालाच हात लावला नव्हता. वस्तू सगळ्यांच्याच बिघडतात, रंभा. फरक एवढाच, की त्या दिवसापासून आपण मोजायला लागलो. आणि जे नीट चाललं, ते मोजलंच नाही."

रंभा आपल्या तळहातांकडे बघत राहिली. बाहेर दिवस कलला होता आणि खोलीत अंधारून यायला लागलं होतं. आवडाबाई सवयीने दिव्याच्या बटणाकडे निघाल्या. हेमाने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. तिघी वाट पाहत राहिल्या. शेवटी रंभा उठली आणि दिव्याच्या बटणाकडे गेली.

जे अडतं, त्याला कारण असतं. कारण सापडेपर्यंत "मला ठाऊक नाही" असं म्हणण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो, दुसऱ्याच्या मुलीला अंधारात बसवून आपल्या खणातली फ्लॉपी झाकून ठेवण्यात. आणि त्या अंधारात आपण डोळे मिटून हात जोडले असतील, तर थोडासा आपल्यातही.