माझ्या पोटातलं पडकं नगर

मी एक सीडी बोलतेय. दिसायला बशीएवढी, मध्ये भोक, एका अंगाला आरसा. पण माझ्या पोटात एक अख्खं पडकं नगर आहे. मोडके खांब, पाण्याने भरलेली तळघरं, बंद दारं, आणि दारापुढे कोडी. नगरात एकही माणूस नाही. संगणकासमोर जो बसतो, तोच तिथे एकटा चालतो. दगड फिरवतो, कळ दाबतो, डोकं खाजवतो. असा खेळ.

माझा जन्म मुंबईतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. निळ्या मार्करने कोणीतरी अंगावर 'खंडहर' लिहिलं, तेच माझं बारसं. रोह्याजवळ अष्टमी नावाच्या गावात मिथुन नावाच्या गृहस्थाचा कॉम्प्युटर क्लास होता. तो मला भाड्याने द्यायला घेऊन आला. गिऱ्हाईक मला उलटसुलट करून विचारायचं, "यात बंदूक कुठाय?"

"बंदूक नाय. डोकं लागतं."

"मग नको."

असे माझे सुरुवातीचे दिवस गेले. शेवटी मला प्रणितने नेलं. तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, अष्टमीत खोली घेऊन राहायचा. जुना का होईना, संगणक त्याने घेतला होता. त्याला माझं नगर आवडलं. कंपनीत दिवसभर व्हॉल्व्ह फिरवून आलेला माणूस इथे येऊन पुन्हा दगडी चाकं फिरवत बसायचा. माणसाला आराम म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच वर्षी पौषात त्याचे वडील, जनू, गेले. प्रणितने खोली सोडली आणि पेणजवळच्या हमरापूरला आपल्या घरी परतला. तिथून मोटारसायकलने ड्युटीला जाऊ लागला. संगणक टेम्पोतून गेला. मी त्याच्या पोटात होते, म्हणून मीही गेले. मला परत करायचं राहिलं. माणसं याला 'विसरलो' म्हणतात.

हमरापुरात दर दुसऱ्या घराला गणपतीची शेड. याही घराला होती. प्रणितची आई हौसा वीस वर्षं मूर्ती रंगवत होती. अंग, पितांबर, शेला, उंदीर, सगळं तिचं. डोळे मात्र जनूचे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि ज्याचा हात आखणीला बसला त्याच्या नावाने कारखाना ओळखला जातो. जनूच्या नजरेचा गणपती हवा म्हणून लोक लांबून यायचे.

आता आषाढ निम्मा सरला होता. शेडमध्ये एकशे नव्वद गणपती पितांबर नेसून तयार बसले होते, आणि एकालाही डोळे नव्हते. श्रावण लागला की व्यापारी येणार. डोळे आखायचा बारीक, शून्य नंबरचा ब्रश हौसा रोज उचलायची आणि रोज जागेवर ठेवायची.

जनूचा दोस्त काळुराम पेणहून चक्कर मारायचा. दुसऱ्यांच्या शेडमध्ये डोळे आखून देणं हाच त्याचा धंदा.

"वैनी, येऊ का ब्रश घेऊन?"

"बघू."

"तिसऱ्यांदा बघू झालं. व्यापारी काय गॉगल लावून नेतील गणपतीला?"

हौसा हसली नाही, पण तिने पदर तोंडाला लावला. "सोमवारी या," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती प्रणितला म्हणाली, "हात चांगलाय भाऊंचा. पण त्यांचे गणपती लग्नाच्या फोटोतल्यासारखे बघतात. समोर कोण बसलाय, त्यांना काय पडलेली नसते."

"मग तू आख."

"मी रंगवाली. डोळे मी कधी केले?"

"मग येऊ दे त्यांना."

"येऊ दे," ती म्हणाली आणि बराच वेळ एकाच उंदराला रंग देत बसली.

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी प्रणितची सुट्टी. दुपारी जेवून तो माझ्या नगरात शिरला. तिथे तो दोन महिने एकाच जागी अडकला होता. नगराच्या टोकाला देवीचं देऊळ. ही देवी कुठल्या देशाची, ते खेळ करणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. तिच्या डोळ्यांच्या खोबणीत दोन गोल दगड, माऊस दाबला की फिरणारे. पायाशी इंग्रजीत कोरलेलं होतं की, जो तिला दिसेल त्याला ती वाट देईल. प्रणितने दगड फिरवून तिला दार दाखवलं, पेटी दाखवली, छताचं भोक दाखवलं. बाई ढिम्म.

हौसा चहा घेऊन आली. माझ्या नगरात चालताना पावलांचा आवाज होतो, टाक टाक टाक.

"देवळात बूट घालून फिरतोस?"

"आये, बूट काढायची सोय नाय यात."

"मग करणाऱ्याला अक्कल नाय." तिने कप ठेवला. पडद्याला एका हाताने नमस्कार केला, आणि गेलीच नाही. "हिची नजर बिघडलीय."

"तीच तर दोन महिने फिरवतोय. काय लिहिलंय माहीताय? जो दिसेल त्याला वाट देईल."

"मग तू दिसायला पाहिजेस."

"मी समोरच उभा हाय की."

"उभा हायेस, तेच सांगतेय. देवापुढं कोण उभ्याउभ्या आखणी बघतो? तो पुढं पाट हाय, त्याच्यावर बस."

पुढे एक बुटका चौकोनी दगड होता. प्रणित त्याला दोन महिने पायरी समजून ओलांडत होता. त्याने त्यावर माऊस दाबला. पडद्यावर सगळं खालून दिसू लागलं, देवी एकदम उंच झाली. तो बसला होता.

"दे इकडं." हौसाने माऊस धरला, ब्रश धरतात तसा, तीन बोटांत. "डावा खाली. अजून. आता उजवा नाकाकडं, जरासा. छे, जास्त झाला."

"तुला कसं गो कळतं?"

"वीस वर्षं पाटावर मीच बसायची. तुझा बा एक डोळा आखायचा नि विचारायचा, बघतो का? मी नाय म्हटलं की पुसायचा. मी व्हय म्हणेपर्यंत दुसऱ्या मूर्तीला हात लावायचा नाय."

एवढं बोलून तिने पुन्हा माऊस दाबला. दगड केसभर फिरला. देवीने पाटावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि माझ्या नगराचं शेवटचं दार घरघरत उघडलं. पलीकडे मोकळं अंगण, ऊन आणि एक झाड. खेळ संपला.

"एवढंच?" प्रणित म्हणाला. पण हौसा तिथे नव्हती. शेडमध्ये पाट सरकवल्याचा आवाज आला.

आनंदाच्या घाईत प्रणितने मला खेचून काढलं. मी त्याच्या हातून निसटले आणि मूर्ती घासायच्या पॉलिश पेपरवर घरंगळले. पाठभर ओरखडे. नगराला कायमचं कुलूप लागलं. तसाही शेडमध्ये चिमण्यांचा उपद्रव होता, ओल्या रंगावर बसायच्या. चकाकीला चिमण्या भितात, म्हणून त्याने दोरा ओवला आणि मला शेडच्या खिडकीत टांगलं. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

शनिवारी सकाळी हौसाने पहिली मूर्ती पुढ्यात घेतली.

"बस पाटावर."

"मला ड्युटी हाय."

"दुसरी शिफ्ट हाय. बस."

तिने श्वास धरला. वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ. दोन्ही डोळे झाले. "बघतो का?"

"माझ्या कानाकडं बघतोय."

तिने पांढऱ्याने झाकलं, वाळू दिलं, पुन्हा आखलं. "आता?"

"आता जरा रागावून."

तिसऱ्या खेपेला तिने प्रणितला विचारलं. त्याने पाठ ताठ केली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कळलं," हौसा म्हणाली. "ऊठ, दुसरा आण."

सोमवारी काळुराम ब्रशांचा डबा घेऊन आला. चौदा गणपती डोळे उघडून बसले होते. त्याने चपला काढल्या, एकेकापुढे वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"वैनी, ही जनूची नजर नाय."

"नाय. माझी हाय."

काळुराम पाटावर बसला. बसूनच राहिला. मी गरगर फिरत होते, माझा कवडसा त्याच्या टकलावरून दोनदा गेला, तरी हलला नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "मग मी डबा घेऊन आलोय, त्याचं काय करू?"

"मुकुटांचं सोनेरी राहिलंय," हौसा म्हणाली आणि वाटी त्याच्याकडे सरकवली.

त्याने बाह्या सारल्या.

श्रावणात एकशे नव्वद गणपती टेम्पोत चढले. मी इथेच आहे. चिमण्या आता मला भीत नाहीत, उलट माझ्यात बघून पिसं सारखी करतात. आज शेडमध्ये पुन्हा माती मळायला घेतली आहे. तुमच्या घरी एखादी ओरखडलेली सीडी पडली असेल तर तिला कचऱ्यात टाकू नका. दोरा बांधा आणि जिथे माणसं काम करतात तिथे टांगा. आम्हाला फिरायची सवय असते, बघायला काही मिळालं की आमची तक्रार नसते. निघते म्हणायला मला जागचं हलता येत नाही, तेव्हा तुम्हीच निघा. खालची ओली माती चुकवून पाय टाका.