डावा गाल

हमीदा लग्न होऊन शारजाला आली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, शौकतनं, तिथल्या रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये तिचे इतके फोटो काढले की ती वैतागून ओढणी तोंडावर घ्यायची. पुढं सत्त्याण्णवच्या थंडीत एके दिवशी ती झोपेतून उठली, तर तोंड डावीकडून लुळं पडलं होतं. औषधं झाली, मालिश झालं. न मिटणारा डोळा हळूहळू मिटायला लागला, पण ओठाचा कोपरा खाली उतरला तो तसाच राहिला. मग तिनं कॅमेऱ्यासमोर बसणंच सोडलं.

गावी हर्णैला तिच्या अम्मीला यातलं काही कळवलं नव्हतं. फोन केला की अम्मी विचारायची, "फोटो का पाठवत नाहीस गं?"

ईदच्या दिवशी हमीदा फोटोला कशीबशी तयार झाली. शौकतनं समोरून फ्लॅश मारला. धुऊन आलेला फोटो तिनं बघितला आणि उशीखाली सरकवला. त्या झगझगीत उजेडात दोन्ही गाल शेजारीशेजारी उघडे पडले होते. फरक लगेच डोळ्यांत भरत होता.

पुढच्या शुक्रवारी ती खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. पांढऱ्या पडद्यातून आलेलं ऊन उजव्या गालावर पडलं होतं, डावी बाजू सावलीत होती. शौकत दारातच थांबला.

"हलू नकोस."

"केस तरी विंचरू द्या."

"नको. हनुवटी जरा खिडकीकडे कर."

हा फोटो धुऊन सुरेख आला. ओठाचा कोपरा सावलीत विरून गेला होता.

"खलास, काम झालं. हाच अम्मीला पाठवू," शौकत खुशीत म्हणाला.

हमीदा बराच वेळ फोटो बघत राहिली. "छान आहे. पण मी गावी गेले की काय करू? सावली बघून बसू?"

तिनं खुर्ची फिरवली आणि डावा गाल खिडकीकडे करून बसली. "आता काढा."

"सगळा उजेड तिथंच पडेल, हमीदा."

"पडू दे."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. बाजूनं येणाऱ्या उजेडात सैल पडलेली पापणी, उतरलेला ओठ, सगळं लख्ख दिसत होतं. इतके महिने तिच्याशी बोलताना आपण नजर तिच्या उजव्या गालावरच ठेवत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

"काय झालं? काढा ना."

"थांब जरा. तुला बघतोय."

ती हसली, जमेल तेवढं. त्यानं बटण दाबलं.

तो फोटो पोचल्यावर हमीदानं फोन केला, तर अम्मी आधी रडली. आजार लपवला म्हणून रागावली. मग तिचा आवाज निवळला.

"तुझे अब्बा असेच एका बाजूनं हसायचे," ती म्हणाली. "ते गेल्यावर वाटलं होतं, ते हसणं आता दिसायचं नाही."

"अम्मी, परत सांग," म्हणत हमीदानं फोन शौकतच्या कानाला लावला. "तुम्हीपण ऐका," ती म्हणाली.