खुंटीवरचा कोट

त्या रविवारी आपल्या पदरात काय काय पडणार, हे रंगशेठना तोंडपाठ होतं. क्लबच्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव. शेकोटीजवळच्या सहा खुर्च्यांपैकी एकीवर हक्क. हक्क म्हणजे, तिथे दुसरा कुणी बसला असेल तर नुसतं खाकरायचं, की तो उठतो. घंटा वाजवून चहा मागवायची मुभा. आणि सगळ्यात मोठी कमाई वेगळीच. खालच्या गावातला सिमेंटवाला चार वर्षांपूर्वी सभासद झाला होता आणि तेव्हापासून भेटेल तिथे "या ना एकदा वर, माझे पाहुणे म्हणून" असं म्हणत होता. शेठांना त्याला एकदा तरी म्हणायचं होतं, "पाहुणे कशाला, आम्ही आता घरचेच."

एवढ्यासाठी शेठ अकरा वर्षं सभासदत्वाच्या यादीत होते. अकरा वर्षांत दुकानातल्या डब्यातला रंगसुद्धा दगड होतो. शेठांची हौस मात्र अजून ओली होती.

थंड हवेचं ते ठिकाण साहेबांनी वसवलेलं. खालचा उन्हाळा सोसेना म्हणून ते आपलं लटांबर घेऊन डोंगर चढले आणि वर त्यांनी आपल्या देशासारखं गाव मांडलं: उतरत्या छपरांचे बंगले, बंगल्यांना आपापल्या गावांची नावं, बँड वाजवायला गोल चौथरा, आणि मधोमध हा क्लब. पुढे राज्य गेलं, साहेब गेले. कपबशा नेल्या, कुत्री नेली. नियम तेवढे पेटीत मावले नाहीत, ते इथेच राहिले.

त्यातला एक नियम असा, की उमेदवारानं सगळं कुटुंब घेऊन एकदा समितीसमोर दुपारचं जेवायचं. कोण कसं बसतं, चमचा कसा धरतं, बायको नवऱ्याला सगळ्यांदेखत गप्प करते का, हे समिती आपल्या टेबलावरून पाहणार. शेठांचं चुकलं ते इथेच. "सगळं कुटुंब म्हणजे नेमकं कोण?" असं त्यांनी चिटणिसांना पत्र टाकून विचारलं. न विचारता गेले असते तर बायको, मुलगा आणि सून यांच्यावर भागलं असतं. उत्तर आलं: मुलांच्या सासरची वडील मंडळी धरून.

म्हणून मास्तर बरोबर आले. मास्तर म्हणजे सुनेचे वडील, शेठांचे व्याही. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी एकच, आणि धंदा कोट शिवायचा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना कोट घातले, स्वतःच्या अंगाला कधी लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "दिवसभर हात कोटातच असतात, आणखी सगळं अंग कशाला घालू?" शेठांच्या अंगावरचा नवा कोटही त्यांनीच शिवलेला. त्यात शेठांचं पोट लपलं नव्हतं, पण त्याला पोक्तपणा आला होता.

घाटाच्या शेवटच्या वळणावर शेठांनी विषय काढला. "मास्तर, वर गेल्यावर टेप तेवढी खिशात राहू द्या."

"का बरं?"

"मागच्या लग्नात तुम्ही एका वकिलाची बाही मोजलीत."

"आखूड होती."

"असेना का आखूड! तो बोलला का काही?"

"तो कसा बोलेल? हात वर केला की कोपर बाहेर येत होतं बिचाऱ्याचं."

मागच्या सीटवरून शेठाणी म्हणाल्या, "त्यांना काय सांगता? तुम्हीच सांभाळा. अध्यक्षांच्या भिंती बघून 'दुसरा कोट मारायला झालाय' असं म्हणाल नि अकरा वर्षं पाण्यात."

"मी काय एवढा..."

"माझ्या माहेरी पहिल्यांदा आलात तेव्हा देवाशप्पथ हेच म्हणाला होतात."

मुलगा गाडी चालवत होता; तो आरशात बघून हसला. सून हसली नाही. ती वडिलांच्या गळ्याकडे बघत होती. मास्तरांनी बंद गळ्याचा पांढरा सदरा घातला होता, स्वतः शिवलेला, शेवटच्या बटणापर्यंत लावलेला. वर कोट नव्हता.

क्लबच्या दारात पितळेची पाटी: पुरुषांस कोट आवश्यक. खाली बारीक अक्षरांत: पाहुण्यांसाठी सोय आहे. दारवान म्हातारा, त्याच्याही अंगात कोट. टेबलामागे चिटणीस, अंगानं काडी, टाय मात्र रुंद. त्यांनी पाचही जणांवरून नजर फिरवली आणि मास्तरांपाशी थांबवली.

"हे कोण?"

"माझे व्याही," शेठ म्हणाले.

"यांचा कोट कुठंय?"

"यांच्या अंगावर," शेठाणी नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "त्यांनीच शिवलाय."

चिटणिसांना विनोद कळत असावा, पण ड्यूटीवर असताना घेत नसावेत. त्यांनी खूण केली. दारवानानं खुंटीवरून एक गर्द तपकिरी कोट काढला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून आणला. पाहुण्यांचा कोट म्हणतात तो हाच. साहेबांच्या वेळेपासून त्या खुंटीला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं त्यात हात घातले असते. मास्तरांनी तो टेबलावर पसरला. मग उलटा केला. अस्तरावरून अंगठा फिरवला, मुंढ्यापाशी थांबला, परत खाली आला.

"शेठ, जरा बघता?"

"आत्ता नको हो मास्तर."

"काजं कुठल्या बाजूला आहेत?"

शेठांनी पाहिलं. "उजव्या."

"तुमच्या कोटाची?"

शेठांनी मान खाली घालून स्वतःच्या पोटावर पाहिलं. "डाव्या."

"गड्यांच्या कोटाला डावीकडेच असतात. हा बाईचा कोट आहे."

चिटणीस उभे राहिले. "काहीतरीच काय! साहेबांच्या वेळचा कोट आहे हा."

"वेळ साहेबांची असेल. कोट मडमेचा आहे." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, दुकानात गिऱ्हाइकाला शिवण दाखवावी तसं ते दाखवत होते. "हे बघा, छातीला फुगवटा देणारे हे टक्स. उसवलेत, वरून इस्त्री फिरवलीय, पण सुईची भोकं कुठे जातात? ही रांग मोजून घ्या. कंबर सैल केलीय. आणि मागची चीर एवढी लांब का, तर घोड्यावर बसायला."

साहेबांच्या काळात बायकांना या क्लबात व्हरांड्यापुढे पाऊल टाकता येत नव्हतं, हे चिटणीस पाहुण्यांना नेहमी अभिमानानं सांगत. आज त्यांनी ते सांगितलं नाही.

शेठाणींना फस्सकन हसू फुटलं. दारवान घाईनं भिंतीकडे वळला. पाठीवरून काही कळत नव्हतं, खांदे तेवढे हलत होते.

"हे बघा," चिटणीस खालच्या आवाजात म्हणाले, "आमचे अध्यक्ष पहिल्यांदा आले ते याच कोटात. समितीतले आणखी तिघे. आजवर कुणाची तक्रार नाही."

"कशी असेल? सगळ्यांना आत जायचं होतं."

"तुम्हीही जा ना मग. घाला. कुणाच्या लक्षात येणार नाही."

"माझ्या आलं की."

"मास्तर," शेठ काकुळतीला आले, "तासाभराचा प्रश्न आहे."

मास्तर व्याह्यांकडे वळले. "शेठ, बाईचा आहे म्हणून मी नाही म्हणत नाही. बायकांचे कोट शिवूनच मी या पोरीचं शिक्षण केलं. पण हा माझ्या मापाचा नाही. गिऱ्हाइकाचं उद्या लग्न असलं, तरी मापात नसलेला कोट मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाही. मग स्वतः कसा घालू?"

चिटणिसांनी घड्याळ पाहिलं. "मग यांची मागच्या खोलीत व्यवस्था करतो. ड्रायव्हर मंडळी जेवतात तिथे. स्वच्छ आहे खोली."

"अप्पा, मी येते तुमच्याबरोबर," सून म्हणाली.

"तू आत जायचंस. सासऱ्यांचा दिवस आहे आज." मग शेठांना: "खरंच जा. मला राग नाही. भूक लागलीय, ती कुठेही भागेल. अकरा वर्षं काय थोडी झाली?"

यात टोमणा कुठे सापडतो का, ते शेठांनी शोधलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं; रागावून आत जाता आलं असतं.

काचेच्या दारापलीकडे समिती दिसत होती. शेजारी शेठांसाठी पाच जागांचं टेबल मांडलं होतं. दोन्हीकडे सूप आलं होतं. खरं सांगायचं तर शेठांनी दोन पावलं टाकलीसुद्धा. मनातल्या मनात त्यांनी बायकोची समजूत काढली, सुनेसाठी घाटात थांबून काहीतरी घ्यायचं ठरवलं, आणि मास्तर तर रागावलेच नव्हते. हिशेब जमत आला होता. तेवढ्यात चिटणीस त्यांच्यासाठी दार उघडून धरत आपुलकीनं म्हणाले, "या, शेठ. असले लोक बरोबर आणले की होतं असं."

'असले लोक' हा शब्द शेठांच्या ओळखीचा होता. यादीत तिसऱ्यांदा नाव मागे पडलं, तेव्हा याच दाराआडून तो त्यांनी ऐकला होता. तेव्हा तो त्यांच्याविषयी होता. त्यांनी गिळला होता.

ते आत गेले. आपल्या टेबलाकडे नाही, सरळ समितीच्या टेबलाकडे.

"या, या!" अध्यक्ष म्हणाले. गृहस्थ आडवेतिडवे, आवाज भरदार. "दारात काही घोटाळा झाला म्हणे?"

"कोटाचा. तुम्ही पहिल्या दिवशी खुंटीवरचाच घातला होता ना?"

"अर्थात!" अध्यक्षांची छाती फुगली. "काय सांगू तुम्हाला, अगदी माझ्यासाठी बेतल्यासारखा बसला होता."

"बसणारच. छातीत सैल केलाय. मडमेचा होता तो."

चमचे थांबले. खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या जेवत होत्या, क्लबातल्या सगळ्यात जुन्या सभासद. त्या हातरुमाल तोंडाला लावून म्हणाल्या, "तीस वर्षं सांगतेय मी, काजं उलटी आहेत म्हणून. ऐकेल तो माणूस कसला!"

अध्यक्षांचा चेहरा शेठांच्या दुकानातल्या शेड-कार्डावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. "तुम्हाला सभासद व्हायचंय की नाही?"

"व्हायचं होतं. माझ्या माणसाला दारातून मागे पाठवणार, आणि मी इथे बसून मोठ्या ऐटीत सूप पिणार, हे मला जमेल असं वाटलं होतं. नाही जमत. नाव खोडा."

"असं खोडता येत नाही," समितीतल्या एकानं सांगितलं. "अर्ज मागे घ्यायची पद्धत नाही. समितीनं नामंजूर करावा लागतो."

"मग करा नामंजूर."

"नोंदवहीत कारण लिहावं लागतं."

"लिहा की. मी सांगतो, उतरवून घ्या." शेठांनी आवाज लावला. रंगाच्या दुकानात पोटमाळ्यावरच्या माणसाला डबा मागायचा त्यांचा हा आवाज, सगळ्या हॉलनं आज पहिल्यांदा ऐकला. "'उमेदवाराच्या व्याह्यांनी बाईचा कोट घालण्यास नकार दिला, सबब अर्ज नामंजूर.' खाली ज्यांनी तो घातलाय त्या चौघांच्या सह्या. आणि लिहून झालं की वाचून दाखवा."

कुणी पेन उचललं नाही.

"नाही लिहायचं? मग मी यादीत आहे असं समजा. पुढच्या महिन्यात येऊन परत विचारेन. अकरा वर्षांची सवय आहे मला."

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "चला, मागे."

"सगळे?" मुलानं विचारलं.

"सगळं कुटुंब, असंच पत्रात होतं ना?"

शेठाणींनी नवऱ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात इतका वेळ बोलून एकही चूक न केलेला नवरा त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. "कोट काढा आता, घाम आलाय," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच त्याची बटणं सोडली.

मागच्या खोलीत लांब बाक होता, भिंतीला पोपडे, आणि गरम भात. चार ड्रायव्हर उठायला लागले तर शेठाणी ओरडल्या, "बसा रे, आम्हाला काय खाकरायचा हक्क मिळालेला नाही." मास्तर आधी जेवले, पोटभर. मग अध्यक्षांच्या ड्रायव्हरनं हळूच आपली कॉलर दाखवली, ती मानेला काचत होती.

"आखूड कापलीय," मास्तर म्हणाले, आणि शेठांकडे पाहिलं.

"काढा टेप," शेठ म्हणाले. "माझी आडकाठी नाही."

आता कुणी काय भरलं ते. शेठांची अर्जासोबतची अनामत अडकली ती अडकलीच. शिवाय ड्रायव्हरांच्या दरानं पाच ताटांचे पैसे त्यांनी दिले. मास्तर आपल्या ताटाचे देऊ करत होते, त्यांची मूठ शेठांनी दोन्ही हातांनी मिटवली. समितीला दर बैठकीत शेठांचं नाव मोठ्यानं वाचावं लागतं आणि कारणाचा रकाना कोराच ठेवून पुढे जावं लागतं. त्या वेळी अध्यक्ष खिडकीबाहेर बघतात. हॉलमधलं टेबल चिटणिसांनीच मांडायला लावलं होतं; त्या पाच जागांच्या बिलाची चिठ्ठी घेऊन ते मागच्या खोलीपर्यंत आले होते. शेठांनी ती वाचली, उलटून पाहिली, आणि विचारलं की यावर सही कुणाची. नियम असा, की पाहुणा बसून सही करेपर्यंत चिठ्ठी टेबल मांडायला सांगणाऱ्याच्या नावावर. निवलेल्या पाच सुपांचे पैसे चिटणिसांनी भरले.