मान हलवू नकोस

"बाहेर काढ तिला! अगं, बघत काय बसलीयेस? बाहेर काढ!"

चष्मेवाले काठावरून किंचाळत होते. तसेच बुटांसकट पाण्यात उतरले आणि पोरीच्या दंडाला हात घातला. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. पोर पाठीवर तरंगत होती आणि तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं.

"हात लावाल तर मुस्काट फोडीन," मी म्हटलं.

तलावावर येणाऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण माझी जीभ जन्मापासून तिखट. मी इथली जीवरक्षक. मला सगळे शिट्टीबाई म्हणतात, ते काही प्रेमाने नाही.

चष्म्याचं दुकान असलेला हा माणूस रोज लेकीला पोहायला घेऊन यायचा. पोर सोळा वर्षांची, पाण्यात अशी सुळसुळायची की आम्ही तिला मासोळीच म्हणायचो. त्या दिवशी सोबत पाहुणे होते आणि त्यांना लेकीचा सूर दाखवायचा होता. खोल बाजूला शर्यतीच्या दोऱ्या बांधलेल्या, म्हणून पोर उथळ बाजूच्या काठावर जाऊन उभी राहिली. मी शिट्टी मारली. तिने बापाकडे पाहिलं. बाप हसत मला म्हणाला, "अहो शिट्टीबाई, राहू द्या. माशाला पोहायला शिकवता का?" पाहुणेही हसले. पोरीने सूर मारला.

वर आली ती पालथी. हातपाय काही हलेनात, नुसते केस पसरलेले. लोकांना वाटलं, थट्टा करतेय. मी उडी घेतली. अशा माणसाला धरून ओढायचं नसतं. मी तिचे दोन्ही हात वर घेतले, डोक्याला दोन्हीकडून दाबून धरले आणि अख्खी पोर ओंडक्यासारखी एकदम उताणी केली. ती खोकली, श्वास घेतला आणि म्हणाली, "शिट्टीबाई, माझे पाय कुठे गेले?"

पाय तिच्यासमोरच तरंगत होते. म्हणजे मानेला लागलं होतं. अशा वेळी पाण्यासारखी गादी नाही. ते अंग उचलून धरतं. आपण फक्त डोकं आणि मान एका रेषेत धरायची आणि फळी, पट्टा घेऊन अ‍ॅम्ब्युलन्सवाले येईपर्यंत जागचं हलायचं नाही. तिकीटखिडकीवरच्या बाईंना मी ओरडून फोन करायला सांगितलं.

काठावर ही गर्दी. "पोटातलं पाणी काढा!" "चौघांनी उचला की!" उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं? बापाने तर माझ्या थोबाडीतच मारली. कानात नुसतं गुंई झालं. गाल चोळायलाही हात मोकळा नव्हता.

"आता उचललंत तर उरलंसुरलं तेही जाईल," मी म्हटलं. "बाप आहात ना? मग तिच्याशी बोला. नुसतं बोला."

त्याचं सगळं अवसान गळालं. जवळ येऊन म्हणाला, "बाळा, दुखतंय का गं?"

माझ्या तळव्यांत पोरीची मान हलू लागली, हो म्हणायला. आपण सगळेच मानेनं हो म्हणतो, तिचं काय चुकलं? मी तळवे आवळले.

"मान हलवू नकोस, बाळा. बोलून सांग. आणि तुम्ही, असलं हो-नाहीचं काही विचारू नका."

मग तो दुकानात आलेल्या एका आजोबांची गोष्ट सांगू लागला. चष्मा कपाळावर आणि आजोबा चष्मा हरवला म्हणून नवा करायला आलेले. काखेत कळसा नि गावाला वळसा. पोर म्हणाली, "बाबा, हसवू नका ना." तिचा आवाज बारीक होत चालला होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिच्याखाली फळी सरकवून, मानेला पट्टा बांधून तिला नेलं, तेव्हा कुठे माझे हात मोकळे झाले.

मणका मोडला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण मानेखाली सगळं गेलं. श्वास मशीनवर, गळ्याला भोक पाडून नळी, त्यामुळे आवाजही नाही. दवाखान्यात भेटायला गेले तर चष्मेवाल्यांनी दारातच अडवलं. "पाण्यात ठेवून घेतलंत तिला," म्हणाले, "बाहेर काढू दिलं असतं तर पोर आज चालली असती." डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं होतं, पण त्यांना कुणाला तरी दोष द्यायचा होता. 'राहू द्या' कोण म्हणालं होतं, ते मी बोलले नाही. माझ्या तिखट जिभेवर आलं होतं, गिळलं. तलावावर 'येथे सूर मारू नये' अशी पाटी लागली. बैल गेला आणि झोपा केला.

बऱ्याच महिन्यांनी चष्मेवाले तलावावर आले. दाढी वाढलेली, शर्टाला औषधाचा डाग.

"तिला तुम्हाला भेटायचंय," म्हणाले. "आजच तिचे केस धुवायचेत. डोकं धरायला येता का? मला एकट्याला जमत नाही. तिची आई धरते, पण तिला रडू येतं." मग खाली बघत म्हणाले, "तुमच्यासारखं कुणाला धरता येत नाही."

माफी मागितली नाही त्यांनी. मीही वाट पाहिली नाही.

त्यांच्या घरी पुढच्याच खोलीत पलंग होता, उशाशी श्वासाचं मशीन. पोर इतकी वाळली होती की मला भडभडून आलं. मला बघून तिचे डोळे हसले. चष्मेवाल्यांनी उशी काढली, मेणकापड अंथरलं, खाली बादली ठेवली. मी डोकं हातांत घेतलं. तेच डोकं, तसंच धरलं. त्यांनी तांब्याने हळूच पाणी सोडलं, एक हात तिच्या कपाळावर आडवा धरून.

"बरं आहे का गं पाणी?"

माझ्या तळव्यांत तिची मान हलू लागली. मी हात आवळले आणि तोंडातून निघूनच गेलं, "मान हलवू नकोस, बाळा, बोलून सांग."

तांब्या तसाच थांबला.

"हलवू द्या, शिट्टीबाई," चष्मेवाले म्हणाले. "आता तेवढीच हलते."

मी हात सैल केले. तिने हळूहळू मान हलवली. नाही. पाणी गार होतं.

ते गरम पाणी आणायला आत गेले. मी तिचं ओलं डोकं हातांत धरून बसून राहिले.