यादीतलं दुसरं नाव

दुम्यातच्या बंदरात जहाजांचे कागद सोडवणाऱ्या एका कंपनीत नगला सर्व्हर सांभाळायची. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एकाने घरबसल्या आत शिरून घोळ घातला, तेव्हा बाहेरून लॉगिन करणाऱ्यांच्या यादीतली सगळी नावं हिने खोडली आणि एकच ठेवलं, स्वतःचं. मालक हाज शौकी खूश. "एक कुलूप, एक किल्ली. शाब्बास, इंजिनीअरबाई."

कुलपाच्या आत आपणच राहिलोय हे बाईंना मागाहून कळलं. लग्न असो की मयत, फोन वाजला की लॅपटॉप उघडायचा. मागच्या ईदला ती अस्वानला वडिलांकडे गेली. म्हाताऱ्याची आठवण पार गेलेली. सकाळच्या चहाला तेवढी घटकाभर जागी व्हायची. "नगला, आलीस?" ते म्हणाले आणि मेला फोन वाजला. बाहेर जाऊन काम उरकायला चाळीस मिनिटं लागली. परत आली तर ते अदबीने विचारतात, "आपण कोणाकडच्या, बाई?" ते तिच्या जिवाला फार लागलं.

या खेपेला तिने कागद लिहिणाऱ्या वग्दीला दोन महिने शेजारी बसवून शिकवलं. चाळिशीचा, पोट सुटलेला, जातीचा भित्रा माणूस. निघताना यादीत त्याचं नाव घातलं, आपलं खोडलं. आता कोणी कितीही बोंबललं तरी तिला आत जाताच येणार नव्हतं.

"फक्त माझ्यासारखं एकटं नाव ठेवू नकोस," तिने बजावलं. "जन्माचा अडकशील."

"म्हणजे दुसरं हवंच?"

"हवंच."

अस्वानला तिसऱ्या सकाळी तिने चहात भरपूर साखर घातली, भाकरीचा तुकडा बुडवून वडिलांना भरवला. त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि तिची बाही धरली. "नगला, केस पिकले की गं तुझे."

फोन वाजला. वग्दी होता. "जहाज अडकलंय, कागद निघत नाहीत. हाज इथेच उभे आहेत."

"माझं नाव यादीत नाही, वग्दी." हे सांगताना तिला चक्क आनंद झाला.

"आहे की. तुम्हीच म्हणालात ना, दुसरं हवंच? तुमच्याइतकं भरवशाचं कोण आहे आपल्यात? त्याच दिवशी घातलं मी."

मागून हाजचा आवाज आला, "दोनच मिनिटं, इंजिनीअरबाई."

"बस की," वडील म्हणाले. "चहा निवतोय तुझा, नगला."

"आलेच हं, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या मुठीतून बाही सोडवू लागली.