‘चांगली’च्या वरचे दोन रकाने

“‘असामान्य’ कोणी नसतं,” आर्वो म्हणाला. “पुढचं वाच.”

“‘अत्युत्तम’.”

“त्याच्या खालचं?”

“‘चांगली’.”

“हां. ते दाब.”

मी माउसवर बोट ठेवून तशीच बसले. काउंटरच्या पलीकडे वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून आर्वो लाहटी निवांत खात होता. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तो एकेचाळीस वर्षं करतोय. वय एकाहत्तर, स्वभाव सरळसोट, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही ही शपथ. म्हणून अनिकाच्या शिफारसपत्राचा फॉर्म माझ्या ईमेलवर आला होता. मी डोरीन. अपॉइंटमेंट, विम्याचे कागद आणि सगळ्यांची उणीदुणी माझ्या टेबलावर असतात.

अनिका राउटिओ तीन वर्षांपासून मागच्या खोलीत आर्वोच्या हाताखाली होती. तिला ऑप्टोमेट्री शिकून डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. आदल्या वर्षी पाचही कॉलेजांनी तिला नकार दिला, तेव्हा फ्रेमच्या कपाटाआड उभी राहून पोरगी हमसून हमसून रडली होती. यंदाही नाही जमलं तर नाद सोडायचा आणि आईच्या केस कापायच्या दुकानात जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अर्जाला तीन पत्रं लागायची. एक आमच्या डॉक्टरांचं, एक रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेचं. तिसरं तिनं आर्वोकडे मागितलं.

“मी? मी शाळासुद्धा पुरी केली नाही,” तो गडबडला होता.

“तुम्ही मला जितकं पाहिलंय तितकं कोणी पाहिलंय?” ती म्हणाली. आणि पत्रं मी कधी वाचणार नाही, असं रीतीप्रमाणे कॉलेजांना लिहून देऊन मोकळी झाली.

“अरे बाबा,” मी आर्वोला म्हटलं, “इथं सगळे वरचाच रकाना भरतात. डॉक्टरांनी परवा दोन मिनिटांत भरून टाकला. ‘चांगली’ लिहिलं की तिकडच्या लोकांना वाटतं, पोरगी अगदीच टाकाऊ.”

“मग त्यांनी चष्मा बदलून घ्यावा.”

“चेष्टा नको. तिचं वर्ष आहे हे.”

“डोरीन, काच बरोबर बसते नाहीतर बसत नाही. बरोबरच्या वर काय असतं? आजवर सहा जण शिकले माझ्याकडे. चांगली मी हिला एकटीला म्हणतोय.”

“आणि ती बुडाली तर?”

“खोटं बोलून तरली, तर मला बरं वाटेल?”

याच्यापुढे डोकं फोडून काय उपयोग? प्रामाणिकपणा, चिकाटी, हातातलं कसब, माणसांशी वागणं, असे दहा गुण होते. दहाही वेळा तो ‘चांगली’ म्हणाला आणि दहाही वेळा मी ‘असामान्य’वर टिचकी मारली. स्क्रीन माझ्याकडे होता.

“वाचून दाखव,” तो म्हणाला.

मी जपमाळ ओढावी तसं वाचलं, “चांगली, चांगली, चांगली...” तो प्रत्येकाला मान डोलावत होता. लाज वाटली मला. पण त्या कपाटाआडचं रडणं मी ऐकलं होतं, त्यानं नव्हतं.

मग मोकळ्या जागेत त्यानं चार ओळी सांगितल्या. त्यातलं अक्षरही मी बदललं नाही.

‘अनिकाला मी पहिल्या महिन्यात दोन काचा फेकायला लावल्या. सहा महिन्यांनी मी पास केलेली काच तिनं मला पुन्हा तपासायला लावली. चूक माझी निघाली. तो चष्मा शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा होता. माझ्यानंतर ती इथं असावी असं मला वाटत होतं. तरी तुम्ही तिला घ्या.’

शेवटचं वाक्य टाइप करताना मला समोरचं दिसेना. “धाडलं का?” तो म्हणाला. मी धाडलं.

फेब्रुवारीत अनिकाला प्रवेश मिळाला. त्या चार ओळींनी मिळाला की माझ्या दहा टिचक्यांनी, कोण जाणे. माझं राहू दे, पण नुसत्या खऱ्यावर ती तरली असती का, हे आर्वोला कळायला हवं होतं आणि ते मी कायमचं हिरावून घेतलं.

ऑगस्टमध्ये ती निघाली. शेवटच्या दिवशी तिनं आर्वोला मिठी मारली, तसा तो अवघडून मागं सरला.

“आता सांगायला हरकत नाही,” तो म्हणाला. “मी तुला सगळीकडे ‘चांगली’ दिलं. ही डोरीन म्हणत होती, पोरगी बुडेल. बघा, खरं सांगितलं तरी घेतात.”

अनिका त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. “चांगली? तुम्ही म्हणालात?”

“दहाही ठिकाणी.”

“तोंडावर कधी म्हणाला नाहीत!”

“म्हणालो असतो तर काम बिघडवलं असतंस.”

ती रडता रडता हसली आणि माझ्याकडे वळली. “खरंच, डोरीन? दहाही?”

आर्वोही माझ्याकडेच बघत होता, छाती थोडी पुढं काढून.

“हो गं,” मी म्हणाले. “माझ्याच हातानं भरलंय.”

त्यानं समाधानानं मान हलवली. तिची गाडी वळेपर्यंत तो दारात उभा राहिला, मग मागच्या खोलीत गेला आणि त्यानं काचा घासायचं मशीन सुरू केलं.